एक ट्रिगर, तीन फ्लॅश: लग्नाच्या हॉलमधली बिनतारी जुळवाजुळव

मंगल कार्यालयाचा स्टेज म्हणजे फ्लॅशची परीक्षाच. छत एक तर वीस फूट उंच, नाही तर गडद रंगाच्या पीओपीचं; लॉनवर तर छतच नाही. त्यामुळे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वर वळवून छतावरून उजेड खाली आणायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. सरळ समोरून मारावा तर नवरीचा शालू सपाट दिसतो, नवऱ्याचं कपाळ चकाकतं, मागची फुलांची सजावट अंधारात जाते आणि फ्रेमच्या कडेला उभ्या असलेल्या कुणा काकांचा पांढरा सदरा सगळ्यात उजळ येतो. यावर उपाय म्हणजे दोन-तीन फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर लावायचे आणि शटर दाबताच ते सगळे एकदम उडतील अशी व्यवस्था करायची.

तुमच्याकडे कॅमेरा आहे, शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांची ओळख आहे आणि निदान एक फ्लॅश हाताळला आहे, असं धरून पुढे लिहितो. माझा एकच हट्ट आहे, तो आधीच सांगून टाकतो: जोडणी करताना आणि उजेड बसवताना एका वेळी एकच फ्लॅश चालू ठेवायचा. पहिला पूर्ण जमल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. बिनतारी फ्लॅशमधल्या निम्म्या तक्रारी तिन्ही फ्लॅश एकदम चालू करून ‘कुठे काय बिघडलं’ ते शोधत बसण्यातूनच येतात.

इशारा पोचतो कसा

शटर उघडलं हे लांबच्या फ्लॅशला कळवायचे तीन मार्ग आहेत: तार, उजेड आणि रेडिओ.

तार म्हणजे सिंक केबल. स्टुडिओत ती आजही बिनबोभाट चालते. लग्नात मात्र तिच्यात पाय अडकून कोण पडेल याचा नेम नाही, म्हणून तिचा विषय इथेच संपवू.

उजेडाने फ्लॅश उडवणं हा स्वस्तातला मार्ग. बहुतेक साध्या फ्लॅशवर ‘एस१’ आणि ‘एस२’ असे दोन मोड असतात. एस१ मध्ये ठेवलेला फ्लॅश दुसरा कुठलाही फ्लॅश चमकताना दिसला की त्याच क्षणी उडतो. एस२ मध्ये तो पहिली चमक सोडून देतो आणि दुसरीला उडतो. याचं कारण असं की कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे ताकद कॅमेऱ्यानेच आपोआप ठरवायच्या मोडवर, असला की खऱ्या चमकेआधी तो मोजमापासाठी एक बारीक चमक मारतो. एस१ वरचा फ्लॅश त्या बारीक चमकेलाच फसून उडून जातो आणि शटर उघडतं तेव्हा रिकामा असतो. डोळ्यांनी पाहिलं तर फ्लॅश उडालेला दिसतो, फोटोत मात्र त्याचा उजेड नाही. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चक्रावणारा प्रकार हाच. अशा वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर आणा, नाही तर लांबचा एस२ वर टाका. रेड-आय रिडक्शन (डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी चमकायची सोय) चालू असेल तर आधीच्या चमका एकाहून जास्त होतात आणि एस२ चाही हिशेब चुकतो. तो पर्याय बंदच असू द्या.

कंपन्यांनी याच उजेडाच्या मार्गावर जास्त शहाणी व्यवस्थाही उभी केली होती. निकॉनच्या डी९० किंवा डी७००० सारख्या कॅमेऱ्यांचा वर उघडणारा छोटा फ्लॅश लांबच्या फ्लॅशला चमकांच्या भाषेत हुकूम देतो. कॅननने ही सोय पहिल्यांदा २००९ च्या ७डी मध्ये दिली. तुमच्याकडे असा जुना कॅमेरा असेल तर घरात सराव करायला एक पैसा खर्च न करता सोय झाली. पण या सगळ्या उजेडाच्या मार्गांना दोन दुखणी आहेत. फ्लॅशच्या सेन्सरला इशारा दिसायला हवा, म्हणजे मध्ये माणूस किंवा खांब आला की संपलं. आणि भर उन्हात सेन्सर आंधळा होतो. त्यात लग्नात एस१ वर फ्लॅश ठेवणं म्हणजे पाहुण्यांपैकी ज्याच्या गळ्यात कॅमेरा असेल त्याच्या हाती तुमच्या फ्लॅशची चावी देणं. त्याने फोटो काढला की तुमचा फ्लॅश उडणार आणि तुम्हाला हवा असेल तेव्हा तो चार्ज होत बसणार.

म्हणून कार्यालयात रेडिओच. पॉकेटविझार्डसारखे रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला इशारा देणाऱ्या डब्या, १९९० च्या दशकापासून व्यावसायिक वापरत होते, पण ते महाग होते आणि प्रत्येक फ्लॅशला वेगळा रिसीव्हर जोडावा लागे. फ्लॅशच्या पोटातच रेडिओ बसवायला मोठ्या कंपन्यांना वेळ लागला: कॅननचा ६००ईएक्स-आरटी २०१२ मध्ये आला, निकॉनचा एसबी-५००० थेट २०१६ मध्ये. त्याच सुमारास योंगनुओ आणि गोडॉक्स यांनी तेच काम कितीतरी कमी पैशांत करून दाखवलं, आणि आज लग्नाच्या बॅगेत बहुधा त्यांचंच सामान दिसतं. हे रेडिओ बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काय घ्यायचं

एका कंपनीची एकच रेडिओ पद्धत निवडा आणि तिच्यातच राहा. एक फ्लॅश या कंपनीचा, ट्रिगर त्या कंपनीचा, मध्ये तिसऱ्याचा रिसीव्हर अशी खिचडी जमते, पण भर मुहूर्तावर कुठली कडी निसटली ते कळत नाही. माझी उदाहरणं गोडॉक्सची आहेत, कारण ते सामान सहज मिळतं आणि भाड्यानेही मिळतं. तुमच्याकडे दुसरं असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

सुरुवातीला गोडॉक्सचे तीन टीटी६०० फ्लॅश आणि एक ट्रिगर पुरे. टीटी६०० मध्ये टीटीएल नाही, फक्त मॅन्युअल. पण रेडिओ रिसीव्हर आतच आहे. स्टँडवर लावायला टीटीएल लागतंच असं नाही, उलट नसलेलं बरं. टीटीएलमध्ये कॅमेरा प्रत्येक फोटोला नव्याने हिशेब करतो. नवरीचा शालू पांढरा की लाल, मागे एलईडीची भिंत आहे की काळा पडदा, यावर उजेड कमीजास्त होतो. स्टेजवर नवरा-नवरी तासभर एकाच जागी उभे असतात. एकदा मॅन्युअलवर उजेड बसवला की आहेर संपेपर्यंत प्रत्येक फोटो सारखा. कॅमेरा हातात घेऊन पंगतीत फिरायचं असेल तेव्हा टीटीएलचा फ्लॅश हवा, तो वेगळा विषय.

ट्रिगर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचाच हवा. गोडॉक्सच्या ट्रिगरवर एक्सप्रो किंवा एक्स२टी या नावापुढे कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस असं अक्षर असतं. फ्लॅशचं तसं नाही: रिसीव्हर म्हणून लांब ठेवलेला कॅननसाठीचा टीटी६८५ (गोडॉक्सचाच टीटीएलवाला फ्लॅश) निकॉनवरच्या ट्रिगरला मुकाट्याने ऐकतो.

एक गोष्ट दुकानात जाण्याआधीच बघा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या आपल्याकडे भरपूर खपलेल्या कॅमेऱ्यांच्या हॉटशूमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, मधली गोल पिन नाही. साधे, एका पिनवर चालणारे ट्रिगर त्यांच्यावर उडतच नाहीत, आणि दोष ट्रिगरचा नसतो. अशा कॅमेऱ्याला कॅननसाठीच बनवलेला, त्या मॉडेलला चालणारं फर्मवेअर असलेला ट्रिगर लागतो. कॅमेरा सोबत न्या, दुकानातच लावून फोटो काढून बघा, मग पैसे द्या.

सेलचा हिशेब सोपा आहे आणि तरी हमखास चुकतो. प्रत्येक फ्लॅशला चार, ट्रिगरला दोन. तीन फ्लॅश आणि ट्रिगर मिळून चौदा. तेवढेच पर्यायी. म्हणजे अठ्ठावीस पेन्सिल सेल, सगळे रिचार्जेबल, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घेतलेले. साधे अल्कलाइन सेल कागदावर १.५ व्होल्टचे आणि रिचार्जेबल १.२ चे असले तरी फ्लॅशला लागणारा झटका रिचार्जेबल जास्त चांगला देतात, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. चार सेलमध्ये एक अशक्त असला तर चौघेही अशक्तच. म्हणून चौकडीवर पेनाने अ, ब, क लिहून ठेवा आणि चार्जरमध्येही त्या एकत्रच घाला.

घरी टेबलावर: पहिली जोडणी

हे काम लग्नाच्या सकाळी करायचं नाही. आदल्या आठवड्यात, शांतपणे, घरी.

एक फ्लॅश घ्या, बाकीचे बॅगेतच राहू द्या. फ्लॅश चालू करून वाकड्या बाणासारखं बिनतारीचं चिन्ह असलेलं बटण दाबत जा. टीटी६०० किंवा टीटी६८५ चा पडदा हिरवा झाला तर तो मालक आहे, म्हणजे तोच दुसऱ्यांना हुकूम देणार. केशरी झाला तर रेडिओ रिसीव्हर. आपल्याला केशरी हवा. एस१ किंवा एस२ चुकून लागलेला नसावा, त्यामुळे पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, घाईने पुढे जाऊ नका.

आता तीन गोष्टी ट्रिगर आणि फ्लॅशवर जुळवायच्या. चॅनेल म्हणजे कुठल्या पट्टीवर बोलायचं. गोडॉक्समध्ये १ ते ३२. आयडी म्हणजे त्याच पट्टीवरचा खासगी क्रमांक, १ ते ९९. चॅनेल आणि आयडी दोन्हीकडे तंतोतंत एकच हवेत. ग्रुप म्हणजे त्या फ्लॅशला दिलेलं अक्षर, ए, बी, सी, डी, ई. हे फ्लॅशगणिक वेगळं ठेवायचं, म्हणजे ट्रिगरवरूनच प्रत्येकाची ताकद वेगवेगळी बदलता येते. काही जुन्या फ्लॅशमध्ये आयडीची सोयच नसते. तसा एकही फ्लॅश ताफ्यात असेल तर ट्रिगरवरही आयडी बंद ठेवावा लागतो.

चॅनेल १ सोडून काहीही घ्या. डबा उघडल्यावर सगळे १ वरच असतात आणि हॉलमधला दुसरा फोटोग्राफरही बहुधा तिथेच असतो.

ट्रिगर कॅमेऱ्यावर चढवा, शेवटपर्यंत सरकवा, कुलूप लावा, मग चालू करा. ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. फ्लॅश उडाला तर रेडिओ जुळला. आता शटर दाबा. उडाला तर हॉटशूही जुळला. या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की बिघाड शोधणं फार सोपं होतं: टेस्टने उडतो पण शटरने उडत नाही, तर रेडिओकडे बघूच नका, भानगड कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. हॉटशू मळला असेल, ट्रिगर अर्धवट बसला असेल, किंवा मिररलेस कॅमेरा सायलेंट शटरवर असेल. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅशला इशाराच देत नाहीत. टेस्टनेही उडत नसेल तर चॅनेल, आयडी, केशरी पडदा आणि ट्रिगरवर तो ग्रुप चालू आहे का, या क्रमाने पाहा.

टेबलावर सराव करताना आणखी एक गंमत होते. फ्लॅश अगदी हाताजवळ असला की कधी उडतो, कधी नाही. इतक्या जवळून रेडिओचा इशारा जरुरीपेक्षा जोरात पोचतो. एक्सप्रो आणि एक्स२टी यांच्या मेनूत अंतराचा पर्याय आहे, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर. घरात आणि स्टेजवर पहिला ठेवा.

पहिला फ्लॅश बिनचूक उडू लागला की तो बंद करा, दुसरा काढा, त्याला ग्रुप बी द्या, पुन्हा तेच सगळं. मग तिसरा, सी. शेवटी तिन्ही एकत्र. प्रत्येक फ्लॅशच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून ग्रुपचं अक्षर, चॅनेल आणि आयडी लिहा. मदतनीस नवा असला तरी चुकणार नाही.

शटरची मर्यादा

फ्लॅशची चमक फार थोडा वेळ टिकते आणि त्या वेळी शटर पूर्ण उघडं असावं लागतं. कॅमेऱ्याच्या पडदा-शटरला ते एका मर्यादेपर्यंतच जमतं. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०, काहींत १/१६० किंवा १/१८०. त्याहून वेगाने गेलात की पहिला पडदा पूर्ण सरकण्याआधीच दुसरा निघतो आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. रेडिओला स्वतःचा थोडा वेळ लागतो, त्यामुळे स्वस्त ट्रिगरवर १/२०० लाही बारीक काळी कड दिसू शकते. पांढऱ्या भिंतीसमोर १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० असे चार फोटो काढून आपली मर्यादा पाहून घ्या. मी हॉलमध्ये १/१६० च्या वर जातच नाही, जायची गरजही नसते.

एचएसएस म्हणून एक मोड आहे, त्यात फ्लॅश एका मोठ्या चमकेऐवजी अनेक बारीक चमका सलग मारतो आणि १/२००० लाही चालतो. पण ताकद सुमारे दोन स्टॉपनी किंवा अधिक घटते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), सेल आणि फ्लॅश दोन्ही तापतात. दुपारच्या लॉनवर, उघड्या ॲपर्चरवर नवरीचा एकटीचा फोटो काढायचा असेल तर वापरा. हॉलमध्ये बंद.

हॉलमध्ये मांडणी

आधी सगळे फ्लॅश बंद. हॉलचा स्वतःचा उजेड किती हवा ते ठरवा. झुंबरं, माळा, मागची सजावट दिसायला हवी, पण चेहरे फ्लॅशने उजळायचे आहेत. म्हणून फ्लॅशशिवाय फोटो साधारण एक-दीड स्टॉप काळोखा यायला हवा. बऱ्याचशा हॉलमध्ये आयएसओ ८००, एफ/४, १/१६० च्या आसपास हे जमतं. यापुढे एक सूत्र: शटरने फक्त हॉलचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही. ॲपर्चर आणि आयएसओने दोन्ही बदलतात. मागची सजावट जास्त उजळ हवी असेल तर शटर १/१०० करा, चेहरे तसेच राहतील.

आता ए, मुख्य फ्लॅश. स्टेजच्या एका कोपऱ्याजवळ, कॅमेऱ्यापासून साधारण पंचेचाळीस अंश बाजूला, डोक्याच्या वर निदान दोन-तीन फूट, पांढऱ्या छत्रीतून. जोडप्यापासून तीन मीटरवर असेल तर वरच्या आकड्यांना १/१६ ताकदीपासून सुरू करा. कमी वाटला तर १/८, जास्त वाटला तर १/३२. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप. कुठल्या बाजूला ठेवायचा? नवरी ज्या बाजूला चेहरा वळवेल तिकडे. हे गुरुजींना विचारून ठेवा. विधीत कोण कुठे बसणार हे त्यांना पाठ असतं.

अंतराचा परिणाम नवख्यांना नेहमी कमी वाटतो. फ्लॅश दोन मीटरवरून चार मीटरवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप. याचाच दुसरा अर्थ असा की फ्लॅश फार जवळ ठेवला तर त्याच्या बाजूची करवली पांढरीफटक आणि पलीकडची अंधारात. वीस जणांच्या कुटुंबाच्या फोटोसाठी ए मागे आणि वर न्या, ताकद वाढवा. तफावत कमी होते.

मग ए बंद करून बी. हा मागचा, स्टेजच्या विरुद्ध कोपऱ्यातून जोडप्याच्या पाठीवर येणारा. छत्री नको, उघडाच, झूम थोडा अरुंद. सहा मीटरवरून १/३२ पुरतो. यामुळे केसांना, खांद्याच्या पदराला, मुंडावळ्यांना एक उजळ कड येते आणि माणसं पडद्यापासून सुटी दिसतात. हा लेन्समध्ये थेट शिरू देऊ नका. शिरत असेल तर काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा रबराने फ्लॅशच्या बाजूला लावा.

शेवटी सी, भरणीचा. कॅमेऱ्याच्या मागे उंचावर, छत्रीतून, १/३२. त्याचं काम सावल्या थोड्या उचलण्याचं. सी वेगळा जाणवायला लागला तर तो जास्त झाला.

आता तिन्ही चालू. एकट्याने बसवलेले असल्यामुळे फारसं काही बदलावं लागत नाही. राहतो तो रंग. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, सुमारे ५५०० केल्विन. हॉलचे दिवे बऱ्याचदा पिवळे. चेहरे पांढरे आणि मागे हळदीचा पूर असं नको असेल तर तिन्ही फ्लॅशना केशरी जिलेटिनचा ‘हाफ सीटीओ’ तुकडा लावा आणि व्हाइट बॅलन्स ३८०० च्या आसपास ठेवा. स्टेजवर मोठी एलईडी भिंत असेल तर जिलेटिनचा फायदा कमी; तिचा रंग दर मिनिटाला बदलतो. सजावटवाल्याला विनंती करून विधीपुरतं एकच चित्र स्थिर ठेवायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

अंतरपाट

सगळी तयारी ज्या दोन सेकंदांसाठी असते ते हेच. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली जातो, अक्षतांचा मारा होतो आणि हार पुढे येतात. इथे बिनतारी फ्लॅशची दोन वैशिष्ट्यं कामी येतात.

पहिलं, कमी ताकदीवर चमक फार छोटी असते. अशा फ्लॅशची चमक पूर्ण ताकदीवर साधारण १/३०० सेकंद आणि १/१२८ ताकदीवर १/२०००० सेकंदापर्यंत असते. १/१६ वर ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बरीच छोटी होते. समजा अक्षतेचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने पडतोय. १/१६० च्या शटरमध्ये तो जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत पांढरी रेघ. फ्लॅशच्या १/५००० सेकंदात तो अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित पुढे जातो, म्हणजे हवेत थांबलेला दाणा. त्यासाठी हॉलचा उजेड मात्र चांगला दोन स्टॉप खाली हवा, नाही तर दाणा आणि त्याची रेघ दोन्ही येतात. मागून येणारा बी इथे खरा कामाचा: समोरच्या उजेडात अक्षता शालूत मिसळून जातात, मागच्या उजेडात प्रत्येक दाणा चमकतो. त्या क्षणापुरता बी एक स्टॉप वर न्या, १/१६ वर. ट्रिगरवरून एका बटणाचं काम.

दुसरं, कमी ताकदीवर फ्लॅश लगेच भरतो. पूर्ण ताकदीवर उडवला तर पुन्हा भरायला दोन-अडीच सेकंद लागू शकतात, तेवढ्यात हार गळ्यात पडून फोटोसाठी ‘इकडे बघा’ सुरू झालेलं असतं. १/१६ वर सेकंदाला तीन-चार फोटो सहज निघतात. ताकद अपुरी पडत असेल तर फ्लॅश वाढवण्याआधी आयएसओ १६०० करा.

मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी सगळ्या फ्लॅशमध्ये ताजे सेल घाला, जुने अर्धे शिल्लक असले तरी. आणि ट्रिगर झोपलाय का बघा. बराच वेळ फोटो काढला नाही की ट्रिगर आणि फ्लॅश दोन्ही स्टँडबायला जातात. शटर अर्धं दाबून ठेवलं की जागे होतात. शक्य असेल तर मेनूतून ही वेळ वाढवूनच ठेवा.

हॉल भरल्यावर येणाऱ्या अडचणी

सकाळी रिकाम्या हॉलमध्ये शंभर टक्के उडणारा फ्लॅश पाचशे माणसं आल्यावर अधूनमधून रुसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. त्यात प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच पट्ट्यात बोलत असतो. उपाय: फ्लॅश डोक्यांच्या वर ठेवा, लोखंडी ट्रसला किंवा खांबाला चिकटवू नका, निदान हातभर अंतर सोडा. चॅनेल निवडताना ट्रिगरमधल्या ‘स्कॅन’ने मोकळे चॅनेल शोधा, पण हॉल भरल्यावर, रिकाम्या हॉलमधला स्कॅन फारसा काही सांगत नाही.

तुम्ही हात लावला नसताना फ्लॅश उडतोय? दुसऱ्या कुणाचा ट्रिगर तुमच्याच चॅनेलवर आहे, किंवा तुमचा एखादा फ्लॅश एस१ वर राहिलाय. आयडी दिलेला असेल तर पहिली शक्यता जवळजवळ मिटते.

दोघे फोटोग्राफर त्याच तीन फ्लॅशवर काम करणार असाल तर दोन्ही ट्रिगरवर चॅनेल, आयडी आणि प्रत्येक ग्रुपची ताकद एकच लावा. ताकद ठरते ज्याने शेवटी इशारा दिला त्याच्या ट्रिगरवरून. तुमचा ए १/१६ वर आणि जोडीदाराचा १/४ वर असेल तर त्याचे फोटो भाजणार आणि तुमच्या वेळी फ्लॅश भरत बसलेला. दोघांनी एकाच क्षणी शटर दाबलं तर एकाचा फोटो काळा जाऊ शकतो. विधीत कोण कुठला क्षण घेणार ते वाटून घ्या.

व्हिडिओवाल्याशी आधीच बोला. त्याचा मोठा दिवा चालू झाला की तुमचा हॉलचा उजेड दोन स्टॉपनी वाढतो, आणि तुमच्या चमकांनी त्याच्या चित्रीकरणात पांढरे झटके येतात. दिवा कुठे, कधी आणि किती हे ठरलं की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं जेवणाच्या वेळी.

जुन्या स्टुडिओतला एखादा जाडजूड फ्लॅश घरी पडलेला असेल आणि तो रेडिओ रिसीव्हरला जोडायचा मोह होत असेल, तर थांबा. काही जुन्या फ्लॅशच्या सिंक टोकांवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो, नाजूक रिसीव्हर त्याने जळतो. इलेक्ट्रिशियनकडून आधी मोजून घ्या. नाही तर त्याला दुसरी चमक दिसली की फ्लॅश उडवणारी वेगळी डबी (स्लेव्ह) जोडून घरच्या सरावापुरता वापरा.

स्टँड पडू नये म्हणून

छत्री लावलेला स्टँड पंख्याच्या वाऱ्यानेही कलतो. लग्नात कूलर असतात, पळणारी मुलं असतात, आणि ‘जरा सरकवतो हं’ म्हणून स्टँड उचलणारे मामा असतात. प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका. नसेल तर कापडी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या भरून मधल्या दांड्याला लटकवा. स्टँडचा एक पाय छत्रीच्याच दिशेने ठेवा, तोल तिकडे जातो. पायांना रंगीत पट्टी लावा, म्हणजे अंधारात दिसतील. होमाच्या जवळ फ्लॅश नको: धूर, तुपाचे थेंब आणि उष्णता तिन्ही त्याला मानवत नाहीत. लॉनवर असाल तर मोठी पारदर्शक प्लास्टिक पिशवी प्रत्येक स्टँडला बांधून ठेवा. वळवाचा पाऊस मुहूर्त पाहून येत नाही.

सामान आवरताना आधी ट्रिगर बंद करा, मग फ्लॅश, मग सेल काढा. सेल आत ठेवून बॅग बंद केली तर बटण दाबलं जाऊन फ्लॅश रात्रभर चालू राहू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी हळद असते.